बोटाखालची ओळ

१४ जून २०२५, शनिवार

नवी वही. यात खरं तेच लिहायचं, नाहीतर लिहायचंच नाही. तोंडाने मी खरं बोलेनासा झालोय, निदान कागदावर तरी बोलावं.

तर खरं असं: मला लघवीचा त्रास आहे. दोन वर्षं झाली. लागली की धीर धरवत नाही, आणि जाऊन उभं राहिलं की येत नाही. आली तर थेंब थेंब. परत येऊन टेकतो न टेकतो तोच पुन्हा. अडतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना करंगळी वर करून परवानगी मागायला शिकवली, आता म्हातारपणी माझीच करंगळी दिवसभर वर. लिहिताना हसू येईल वाटलं होतं. नाही आलं.

बायकोपासून, कुसुमबाईपासून, काय लपणार? "चार बारी उठलाव. मी काय झोपलेली वाटायले का तुमाला? लेक नर्स हाय संभाजीनगरला, तिला फोन लावा." मी म्हणालो, लेकीला हे सांगायचं? लाज आहे की नाही काही? तर म्हणे, "लाज तुमच्यापाशीच ठिवा, मला झोप द्या."

दत्तराव तलाठ्याचं हेच ऑपरेशन झालं तेव्हा पारावर महिनाभर दुसरा विषय नव्हता. हातात पिशवी धरून फिरायचा, पोरं त्याला 'सलाईन' म्हणायची. मागून तपासतात म्हणे. मला ते नको.

काल विहारात वर्षावासाची बैठक झाली. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने रोज संध्याकाळी दीड तास ग्रंथवाचन. एकोणीस वर्षं मीच वाचतो. गेल्या वर्षी तीनदा मधूनच उठलो. पहिल्यांदा 'फोन आला' म्हणालो, आणि फोन घरी होता. काल ती संघप्रिया, नुकतं बी.एड. झालेली, सगळ्यांसमोर म्हणाली, "गुरुजी, यंदा अर्धं मी वाचू का? तुम्हाला त्रास नको." मी फटकन म्हणालो, "मी मेल्यावर वाच." पोरगी खाली बघत बसली. घरी येऊन मला जेवण गेलं नाही.

१९ जून, गुरुवार

सकाळी शाळेच्या भिंतीजवळच्या लिंबाखाली पेपर. मी वाचतो, लिंबाजी ऐकतो. हा आमचा चाळीस वर्षांचा रिवाज. दुसरीत माझ्या वर्गात असताना त्याला शाळेतून काढून ढोरांमागे लावला, आणि त्याची अक्षरं माझ्याकडेच राहिली. बियाण्याची पिशवी, सोसायटीची नोटीस, सोयरिकीची पत्रिका, काहीही आलं की "वाच गुरजी". सगळं गाव मला अहो-जाहो करतं, हा एकटाच अरे-तुरे करतो. मी पहिलीच्या पोरांना शिकवावं तसं ओळीखाली बोट ठेवून वाचतो आणि तो बोटाकडे बघत बसतो. एकदा विचारलं, काय बघतोस रे? म्हणाला, "बैल कसा चालायलाय ते बघायलोय."

आज बातम्या संपल्यावर हळूच म्हणाला, "गुरजी, आडात पानी हाय, पन पोहरा वर येईना बघ." मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यालाही तेच! मंगळवारी भागवत, म्हणजे त्याचा मुलगा, त्याला परभणीला मोठ्या डॉक्टरकडे नेणार आहे.

मला पण आहे रे, हे शब्द ओठावर आले होते. गिळले. 'जा, तपासून घे' एवढंच म्हणालो, साक्षात धन्वंतरी असल्यासारखा.

२२ जून, रविवार

सेलूला जाऊन आलो. परभणीला गाडी बदलून, रेल्वेनेच. एसटीत संडास नसतो, रेल्वेत असतो. अलीकडे मी रस्ते असेच ठरवतो.

आबासाहेबांनी बोलावलं होतं. आमचे जुने मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर एका कंपनीचे वनौषधी डबे विकतात. मंगल कार्यालयात सभा, टाय लावलेले लोक, पडद्यावर चित्रं. प्रोस्टेटची गाठ कशी फुगते, नळी कशी आवळते, कॅप्सूल घेतल्यावर किती आठवड्यांत किती उतार पडतो, सगळं आलेखात. गोखरू, वरुण, पुनर्नवा, भोपळ्याचं बी आणि अमेरिकेतल्या कुठल्याशा ताडाच्या फळाचा अर्क.

याच हातांनी मी गावातले अंगारे-धुपारे बंद पाडले. साप चावलेल्या माणसांना भगताच्या ओट्यावरून उचलून दवाखान्यात नेलं. पण हे अंगारे नव्हेत. आलेख होता. आयुष्यभर फळ्यावर आलेख काढणाऱ्याला आलेख कळतो.

फॉर्म भरताना आबासाहेबांनी खणखणीत आवाजात विचारलं, "पेशंट कोण, गुरुजी? तुम्हीच का?" मागच्या रांगेत बायका बसल्या होत्या, त्यातल्या दोघी माझ्या विद्यार्थिनी. माझ्या तोंडून निघून गेलं, "छे छे! आमचा एक मित्र आहे, लिंबाजी." झालं. लिंबाजीचं नाव, लिंबाजीचा नंबर. "मी स्वतः फोन करून त्यांची विचारपूस करीन," आबासाहेब म्हणाले.

दोन डबे घेऊन आलो. आता एक त्याला देणं आलं.

२३ जून, सोमवार

दिला. बाजेवर बसलो, डबा हातात घेतला, त्याला वाचून दाखवला. कशाकशाचा अर्क, सकाळी किती, संध्याकाळी किती, कोमट पाण्यासोबत. अगदी खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, अशा डब्यांवर असते तशी. ती वाचली नाही. उगाच माणसाच्या मनात किंतू येतो. डबा कमलबाईकडे, त्याच्या बायकोकडे, दिला.

भागवत म्हणाला, "काका, पन उद्या नंबर लावलाय परभणीला." मी म्हणालो, "तीन महिने हे घेऊ दे. लगेच चिरफाड कशाला? हे शास्त्रीय आहे." तो घुटमळला. लिंबाजी म्हणाला, "आरं, गुरजीनं वाचलंय ना सम्दं? मग नंबर ऱ्हाऊ दे." कमलबाईनं तर डबा देवळीत देवाशेजारी ठेवला. मी देव मानत नाही, पण बरं वाटलं. आबासाहेबांचा फोन आला तर आता खोटं पडणार नाही.

१० जुलै, गुरुवार. आषाढ पौर्णिमा

बसलो! दीड तास, मांडी मोडली नाही. दुपारी बारापासून पाणी बंद ठेवलं होतं, जीभ कोरडी पडली, पण आवाज शेवटच्या ओळीपर्यंत टिकला. कॅप्सूलचा गुण म्हणतात तो हा. तिसरा आठवडा, आलेखात होतं तसंच. संघप्रिया पहिल्या रांगेत होती. वाचन संपल्यावर पाया पडली. तिला म्हणालो, "पुढच्या वर्षी बघू."

पंचशील मीच दिलं. चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या, घसा खवखवला. पाणी न पिण्याने असेल.

२ ऑगस्ट, शनिवार

लिंबाजी लिंबाखाली आला, पण पेपर उघडू देईना. "गुरजी, लाल झाली." कुठे, केव्हा? "आज दोनदा. दुकत न्हाई, पन लाल."

मी आबासाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, उष्णता बाहेर पडतेय, उत्तम लक्षण, डोस वाढवा. लिंबाजीला तसं सांगितलं. त्याने मान डोलावली. "तुला बी आली का लाल?" असं विचारलं त्याने. मी दचकलो. "मला कशाला येईल?" तो म्हणाला, "न्हाई, आपलं इच्यारलं."

मला आली नाही. म्हणजे माझी उष्णता आतच आहे की काय? मीही डोस वाढवला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पाऊस थांबायचं नाव नाही. सोयाबीन पाण्यात. माझं म्हणाल तर पुन्हा ये रे माझ्या मागल्या. पाणी बंद केलं तर जळजळ, प्यालो तर मोरी. काल वाचताना एक पान सोडून पुढे गेलो, लवकर संपावं म्हणून. कुणाच्या लक्षात आलं नाही. इतकी शरम मला नोकरीत कधी वाटली नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. आता हे असंच मरेपर्यंत, असं मनात येतं, आणि मरण कधी, हेही येतं.

लिंबाजीची कंबर धरली आहे. चिखलात बैल ओढताना लचकली म्हणतो. वाळलाय पण. सदऱ्यात दोन लिंबाजी मावतील. त्याला तेलाची बाटली नेऊन दिली. "गुरजी, तुझं लय हाय माझ्यावर," म्हणाला.

४ सप्टेंबर, गुरुवार

सर्दी. आवाज बसला. वर्षावासाचा एकच महिना उरलाय, आता आवाज जाऊन चालणार नाही. मेडिकलमधून सर्दीच्या गोळ्या आणल्या. दोन सकाळी घेतल्या, दोन आत्ता. नाक मोकळं झालं.

७ सप्टेंबर, रविवार. परभणी, दवाखाना

परवा वाचता वाचता उठलो. विहारामागे उभा राहिलो. आलीच नाही. एक थेंब नाही. पोट दगडासारखं. भिंतीला कपाळ लावून उभा होतो आणि आत पन्नास माणसं पुढच्या ओळीची वाट बघत होती. शेवटी ओरडलो. एकोणीस वर्षांची अब्रू त्या एका ओरडण्यात गेली. जीपमध्ये चार माणसांनी घातलं. आतून वाचनाचा आवाज येत होता. संघप्रिया पुढचं वाचत होती. कुणीतरी वाचलंच पाहिजे, बरोबर आहे.

डॉक्टर कोवळा, माझ्या मुलाच्या, सिद्धोधनाच्या, वयाचा. नळी घातली. आयुष्यात इतकं सुख आणि इतकी लाज एकदम कधी वाटली नाही. म्हणाला, "आजोबा, सर्दीच्या गोळ्या घेतल्या का? त्यानं असं अडकतं." मग कुसुमबाईने सोबत आणलेला डबा पाहिला, उलटा करून खालची ओळ वाचली आणि मला परत दिला. काही बोलला असता तर बरं झालं असतं.

लेक सुकेशनी रात्रीच्या गाडीने आली. रडली नाही, भांडली नाही. पिशवी स्वतः रिकामी केली. मी भिंतीकडे तोंड केलं, तर म्हणाली, "बाबा, मी दिवसातून वीस जणांची करते."

रक्ताचा रिपोर्ट आला. साधीच गाठ आहे. परवा ऑपरेशन.

१७ सप्टेंबर, बुधवार

घरी आलो. शाळेत मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन चालू होतं, लाउडस्पीकर ऐकू येत होता.

मोरीत गेलो. धार आली. सरळ, आवाज करत, विशीतल्यासारखी. तिथेच ढसाढसा रडलो. दहा-बारा दिवसांचं काम होतं! दोन वर्षं मी दहा-बारा दिवसांना भीत बसलो. कुसुमबाई बाहेरून म्हणाली, "झालं का? का फोन आलाय?" सगळं माहीत होतं तिला, फोनचंसुद्धा.

मग लिंबाजीची चौकशी केली. आठ दिवसांपासून लिंबाखाली आला नाही म्हणे. टाके सांभाळू की काय करू? तसाच गेलो. बाजेवर होता. कूस बदलताना गुरासारखा कण्हला. पायात जोर नाही म्हणतो. उशाशी डबा. तिसरा. आबासाहेबांनी परस्पर पाठवलेला.

भागवतला म्हणालो, आत्ताच्या आत्ता परभणी. त्याने माझ्याकडे बघितलं. "आता म्हनायलाव काका?"

२८ सप्टेंबर, रविवार

कॅन्सर आहे. प्रोस्टेटचाच. हाडांत उतरलाय, मणक्यात, कमरेत. इंजेक्शनं चालतील, दुखणं कमी होईल, बरं होणार नाही.

डॉक्टरने विचारलं, लघवीत रक्त कधीपासून? भागवतने सांगितलं, ऑगस्टपासून. मग तेव्हाच का नाही आणलं? हे सांगून भागवत मला म्हणाला, "काका, म्या काय सांगनार व्हतो? गप बसलो." तोही गप्प बसला, माझ्यासाठी.

सुकेशनीला फोन करून विचारलं, जूनमध्ये नेला असता तर? तिने आधी माझ्या टाक्यांचं विचारलं. मग म्हणाली, "बाबा, ते आता विचारू नका." मी पुन्हा विचारलं. तिने फोन ठेवला.

मला साधी गाठ आणि त्याला ही. मी माझं दुखणं त्याच्या नावावर टाकलं. फॉर्मवर नाव त्याचं आहे, अक्षर माझं. अंगारा देणाऱ्या भगताला मी गावातून हाकललं. तो बिचारा निदान स्वतः तरी अंगाऱ्यावर विश्वास ठेवायचा. माझाही होता की, असं लिहिणार होतो. मग खालची ओळ का सोडली?

६ ऑक्टोबर, सोमवार. आश्विन पौर्णिमा

वर्षावास संपला. खिरीचं जेवण झालं. मला म्हणाले, समारोपाचं पंचशील तुम्हीच द्या. तीन शीलं दिली. चौथं निघेना. लोकांना वाटलं अशक्तपणा आहे. संघप्रियाने पुढचं सांगितलं. मी तिच्यामागून सगळ्यांबरोबर म्हणालो, चौथ्याला फक्त ओठ हलवले.

१२ ऑक्टोबर, रविवार

भागवत सकाळीच घरी आला. "काका, बाबा कागद वाचून दाखवा म्हनायलेत. आमाला देईनात, तुमच्याकडूनच वाचून घ्यायचं म्हनतेत. कॅन्सर म्हनू नका. सांधेवात हाय म्हना. मानूस घाबरून मरंल." कुसुमबाईकडे बघितलं. तिने मला चप्पल आणून दिली.

लिंबाजीने उशाखालून फाईल काढली. "वाच गुरजी."

चष्मा लावला, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. नाव वाचलं, वय वाचलं. मग म्हणालो, "मणक्याला सूज आहे. हाडं ठिसूळ झालीत. महिन्याला इंजेक्शन घ्यायचं, आराम करायचा." बोट सवयीने खाली सरकत होतं.

"गुरजी."

"काय रे?"

"बोट सात-आठ वळी चाललं, आन तोंडातून दोनच आल्या."

कमलबाई दारात उभी होती. भागवत खाली बघायला लागला.

"मला अक्षर येत न्हाई," लिंबाजी म्हणाला. "पन चाळीस वर्सं तुजं बोट बघायलोय मी. डब्याच्या बारीला बी असंच झालतं. बोट शेवटच्या वळीवर गेलं, तू काय बोलला न्हाईस, डबा हिच्या हातात दिलास."

मी फाईलवरचं बोट उचललं. "मग तेव्हाच का नाही विचारलंस?"

"म्हनलं, तू सोडली म्हंजी आपल्या कामाची नसल."

तो रागावून बोलला असता, थुंकला असता, तर मी तोंड पुसून घरी आलो असतो. त्याने नुसतं सांगितलं. पाऊस पडला, बैल विकला, तसं.

मी सगळं बोललो मग. भागवतसमोर, कमलबाईसमोर. आजार मलाही होता, डबा माझ्यासाठी आणला होता, सभेत लाज वाटली म्हणून तुझं नाव लावलं, ते खरं दिसावं म्हणून तुला परभणीला जाऊ दिलं नाही. कमलबाईनं पदर तोंडाला लावला. लिंबाजी आढ्याकडे बघत ऐकत होता. "मला ठावं व्हतं तुला तकलीफ हाय ते," म्हणाला. "पेपर वाचताना तू दोनदा उठायचास. म्हनलं, सांगंल कवातरी."

भागवत बाहेर निघून गेला. अजून माझ्याशी बोललेला नाही. बोलूही नये.

"आता वाच," लिंबाजी म्हणाला. "ह्यातली सोडू नको."

पहिल्यापासून वाचलं. इंग्रजी होतं ते मराठीत सांगितलं, ओळ न् ओळ. कॅन्सर या शब्दाशी बोट अडलं. त्याने स्वतः माझं मनगट धरलं आणि पुढे सरकवलं. हात वाळक्या काडीसारखा झालाय, पण धरला घट्ट. हाडांची नावं वाचली. शेवटी डॉक्टरचं मत होतं, तेही वाचलं.

त्याने फाईल मिटून उशाखाली सरकवली. मग कमलबाईला म्हणाला, "डबा आन गं."

तिने देवळीतून आणून माझ्या हातात दिला. मी तळाच्या ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचलं: हे उत्पादन औषध नाही. कोणताही आजार बरा करण्याचा दावा नाही. लघवीत रक्त दिसल्यास ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.

लिंबाजीने बोटाकडे बघितलं. ते ओळीच्या टोकाशी थांबलं होतं.

"येवढीच व्हती?"

"येवढीच," मी म्हणालो.